हौशी रेडिओचें जाळें आणि उसनी दोरी

हौशी रेडिओचा विषय चार सुशिक्षित माणसांत निघाला म्हणजे एक प्रश्न हटकून पुढें येतो, आणि तो विचारणाराच्या मुद्रेवर आपण फार मार्मिक बोललों असा भाव असतो. "खिशांत मोबाइल असतां हीं यंत्रें आणि हे मनोरे हवेत कशाला?" हा तो प्रश्न. हौशी मंडळींकडून त्याला जें ठराविक उत्तर मिळतें तेंही आम्हांस आतां पाठ झालें आहे. वादळ येतें, भूकंप होतो, मोबाइल मुका होतो, आणि तेव्हां आम्ही उभे राहतों, असें तें उत्तर. प्रश्न उथळ आहे खरा. परंतु आज आम्हांस झगडावयाचें आहे तें मुख्यतः त्या प्रश्नाशीं नसून ह्या उत्तराशीं आहे. कारण, उत्तर देणारांपैकीं पुष्कळांनीं आपलीं विस्तीर्ण जाळीं ज्या पायावर उभारलीं आहेत तो पाया मोबाइलच्या पायाहून वेगळा नाहीं. आणि हें त्यांस पक्कें ठाऊक असूनही ते बोलत नाहींत.

ज्या वाचकांस ह्या छंदाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. हौशी रेडिओवाला, म्हणजे ज्यास सर्वत्र 'हॅम' म्हणतात तो, सरकारी परीक्षा देऊन परवाना व स्वतःचें संकेतनाम मिळवितो. ह्या साधनावर त्याला पैसा कमावतां येत नाहीं, आपलें बोलणें सांकेतिक भाषेंत दडवितां येत नाहीं, आणि जो कोणी ऐकेल त्याला तें ऐकूं द्यावें लागतें. त्याच्या हातांतलें यंत्र बहुधा पांच वॅटचें. तें ज्या दोन मीटरच्या लहरींवर चालतें त्या जवळजवळ सरळ रेषेंत जातात. मध्यें टेंकडी आडवी आली कीं संभाषण संपलें. म्हणून उंच डोंगरावर एक यंत्र ठेवावयाचें. त्यानें एका वारंवारतेवर ऐकावयाचें आणि त्याच क्षणीं दुसऱ्या वारंवारतेवर, अधिक जोरानें, तेंच पुन्हां बोलावयाचें. ह्यालाच रिपीटर म्हणतात. दोन वारंवारतांमधलें अंतर दोन मीटरच्या पट्ट्यांत साधारणपणें ६०० किलोहर्ट्झ, म्हणजे फारच थोडें असतें. एकाच मनोऱ्यावरून ओरडत असतां त्याच वेळीं दूरची कुजबूज ऐकावयाची हें कर्म किती अवघड, ह्याची कल्पना लग्नघरांत सनईवाल्याला खेटून बसून टेलिफोनवर बोलणारास येईल. त्याकरितां धातूच्या मोठमोठ्या नळकांड्यांची गाळणी लावावी लागते. ती मिळविणें, जुळविणें, तिचा खर्च सोसणें आणि भर पावसांत मनोरा चढणें, हें सारें हीं माणसें पदरमोड करून करतात. त्यांच्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. आणि आदर आहे म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

लॉस एंजेलिसच्या माउंट ली ह्या टेंकडीवर १९५० नंतरच्या दशकांत असें एक यंत्र चालूं झालें. पुढें टॅक्सीवाल्यांनीं व पोलिसखात्यांनीं टाकून दिलेलीं जुनीं यंत्रें अमेरिकेंतील हौशी मंडळींच्या हातीं पडलीं, आणि तेथील डोंगर भराभर बोलूं लागले. १९७२ सालीं तेथील दळणवळण आयोगाला रिपीटरांसाठीं स्वतंत्र नियम करावे लागले, इतकी त्यांची गर्दी झाली होती.

एका डोंगराचा आवाज पुढच्या डोंगरापर्यंत पोंचविणें हा ह्यापुढचा स्वाभाविक विचार. कॅलिफोर्निया, नेवाडा व ॲरिझोना ह्या राज्यांत पसरलेलें 'काँडॉर कनेक्शन' नांवाचें जाळें आम्हांस ह्या बाबतींत नमुनेदार वाटतें. तेथें २२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील रिपीटर एकमेकांस रेडिओनेंच जोडलेले आहेत. मध्यें टेलिफोनची तार नाहीं आणि इंटरनेटही नाहीं. (हा पट्टा आपल्याकडील हौशी मंडळींस दिलेला नाहीं, हें सांगून ठेवितों, नाहींतर कोणी उत्साही वाचक यंत्र मागवावयाचा.) अशी जोडणी करणें म्हणजे पोरखेळ नव्हे. एका शिखरावरील यंत्राला दुसऱ्या शिखरावरील यंत्र दिसलें पाहिजे. साखळींतला एक दुवा बंद पडला कीं पलीकडचीं सारीं गांवें अंतरतात. प्रत्येक शिखरावर बॅटरी राखावी लागते, आणि ती मेली म्हणजे तासन् तास गाडी हांकून, पुढें पायीं चढून, नवी न्यावी लागते. परंतु एवढे कष्ट घेतल्यावर जें हातीं येतें तें संपूर्णपणें आपलें असतें. खालच्या शहरांतली वीज गेली, टेलिफोन कंपनीचें कार्यालय पाण्याखालीं गेलें, तरी वरच्या शिखरांना त्याची वार्ताही नसते.

आतां ह्याच्या उलट प्रकार पाहूं. १९९७ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें 'आय्. आर्. एल्. पी.' ही योजना निघाली. २००२ सालीं अमेरिकेंत 'एकोलिंक' निघालें. त्यानंतर 'ऑलस्टार' आणि अंकीय ध्वनीचीं निरनिराळीं जाळीं आलीं. ह्या सर्वांत रिपीटरला एक लहानसा संगणक जोडावयाचा, संगणकाला इंटरनेट जोडावयाचें, आणि एका डोंगराचा आवाज दुसऱ्या डोंगराकडे त्या वाटेनें पाठवावयाचा, ही युक्ति आहे. युक्ति अजब खरी. खर्च नांवाला, कष्ट त्याहून कमी, आणि पोंच पृथ्वीच्या पाठीइतकी! पुण्याच्या गच्चींत उभें राहून खिशांतल्या यंत्रावर ऑस्ट्रेलियाशीं बोलावें, असा चमत्कार ह्या युक्तीनें सामान्य झाला.

ह्या चमत्काराचा आम्हांस हेवा वाटत नाहीं. ज्या म्हाताऱ्या माणसाला सोसायटी गच्चीवर साधी तार बांधूं देत नाहीं, त्याची संध्याकाळ ह्या जोडणीनें सुखाची होते. शिकाऊ मुलाला दूरदेशींचे अनुभवी लोक गुरु म्हणून लाभतात. गप्पांसाठीं, शिक्षणासाठीं, मैत्रीसाठीं ही वाट उत्तम आहे, आणि ती कोणी बंद करावी असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें भांडण आहे तें हिला संकटकाळची वाट म्हणून मिरविण्याशीं. मनोऱ्यावर जागा मागतांना, सरकारी कचेरींत अर्ज करतांना, देणगीसाठीं हात पसरतांना भाषा असते पुराची आणि भूकंपाची. आणि प्रत्यक्षांत शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतले दोन रिपीटर एकमेकांशीं बोलतात ते कोठल्या तरी परखंडांतल्या सर्व्हरमार्फत. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा ही म्हण करणाऱ्या आपल्या पूर्वजांस इतका लांबचा वळसा स्वप्नींही दिसला नसेल. ज्या तारेवरून मोबाइलच्या मनोऱ्याचें संभाषण जातें त्याच तारेवरून, किंवा तिच्या शेजारून एकाच चरांत पुरलेल्या तारेवरून, ह्या जाळ्याचेंही संभाषण जातें. ती तार वाहून गेली म्हणजे दोन्हीं एकाच क्षणीं बंद. मग "मोबाइल बंद पडतो तेव्हां आम्ही उभे राहतों" ह्या वाक्यांत अर्थ कोणता उरला?

कोणी म्हणेल, हा केवळ तर्क आहे. तर २०२४ सालची हकीकत पाहावी. त्या वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस 'हेलेन' नांवाचें चक्रीवादळ फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर चढलें आणि दुसऱ्या दिवशीं समुद्रापासून शेंकडों मैल आंत, नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडील डोंगरी मुलुखावर कोसळलें. वादळाची संवय किनाऱ्यास असते. डोंगरांतल्या खेड्यांना नव्हती. नद्यांनीं रस्ते, पूल आणि त्यांच्या कडेनें गेलेल्या तारा एकदमच नेल्या. वीज गेली, मोबाइलचे बहुसंख्य मनोरे गेले, इंटरनेट गेलें. त्या दिवसांत ॲशव्हिल शहराच्या आसपासच्या लोकांना आधार झाला तो माउंट मिचेल ह्या शिखरावरच्या एका हौशी रिपीटरचा. हें शिखर २,०३७ मीटर उंच, मिसिसिपीच्या पूर्वेस सर्वांत उंच. तेथील १४५.१९० मेगाहर्ट्झच्या आवाजावर कोणता रस्ता खचला, कोणत्या घरीं औषध संपलें, कोणाचे वृद्ध आईबाप सुखरूप आहेत, ह्याची देवघेव रात्रंदिवस चालूं होती. आणि ज्यांच्यापाशीं परवाना नव्हता असे शेजारीपाजारीही नुसतें ऐकण्यासाठीं यंत्राभोंवतीं जमत होते. ह्या कामांत त्या रिपीटरला साहाय्य झालें तें उंचीचें, आणि मागच्या कित्येक वर्षांत त्याच्याभोंवतीं जमलेल्या, एकमेकांचा आवाज ओळखणाऱ्या माणसांचें. जगाच्या दुसऱ्या टोंकाशीं जोडलेलें असण्याचा त्या घटकेस कोणासही कवडीचा उपयोग नव्हता.

येथें जोडणीच्या दुसऱ्या एका दोषाकडे वळणें भाग आहे. तो फारसा बोलला जात नाहीं, आणि तो तारेच्या जोडणीस लागूं आहे तसाच रेडिओच्या जोडणीसही लागूं आहे. रिपीटरवर एका वेळीं एकच माणूस बोलूं शकतो. वीस रिपीटर कायमचे जोडले म्हणजे वीस संभाषणांच्या ठिकाणीं एकच संभाषण उरतें. एकजण बोलला कीं वीस डोंगर बोलतात! तो आपल्या नव्या अँटेनाचें वर्णन करीत असतां दोनशें मैलांवरच्या खेड्यांतला माणूस समोरच्या वाडींतल्या शेजाऱ्याला हांक मारूं शकत नाहीं. यंत्रांत वेळमर्यादा घातलेली असते, साधारणपणें तीन मिनिटांच्या आसपास. पण तीन मिनिटें बोलून, क्षणभर थांबून, पुन्हां तीन मिनिटें बोलणाऱ्या वक्त्यांचा तोटा ह्या छंदांत नाहीं. शहाणे लोक प्रत्येक बोलण्यानंतर दोन क्षण मोकळे सोडतात, कीं एखाद्यास तातडीचें कांहीं सांगावयाचें असेल तर त्यास शिरकाव मिळावा. परंतु जेथें श्रोते हजारों आणि बोलणारे चारसहा, तेथें नवखा माणूस तोंड उघडण्यास धजत नाहीं. ह्याचा परिणाम असा होतो कीं नकाशावर जाळें जितकें पसरतें तितकें गांवोगांवचें ओठ मिटत जातात. संकटाच्या दिवशीं ज्या शेजाऱ्यांनीं एकमेकांस आवाजावरून ओळखावें, त्यांनीं वर्षभर दूरच्या चार बोलक्यांचें नुसतें ऐकलेलें असतें.

मग जोडूंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. वादळाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते; एका खोऱ्यांतली मागणी दुसऱ्या खोऱ्यांतल्या कोठारापर्यंत गेलीच पाहिजे. पण दार असावें तें उघडतां येतें तसें लावतांही आलें पाहिजे. नेहमींची स्थिति सुटी असावी, गरज पडली कीं जोडावें, काम झालें कीं सोडावें. आणि सोडण्याची कळ त्या त्या डोंगराखालच्या माणसाच्या हातीं असावी, शेंकडों मैलांवर बसलेल्या चालकाच्या हातीं नसावी. चालक कितीही सज्जन असला तरी दुवाच तुटल्यावर त्याची सज्जनता येथवर पोंचणार कशी?

रेडिओनें जोडणें महाग पडतें हा आक्षेप खरा आहे. दर शिखरावर आणखी एक यंत्र, आणखी अँटेना, आणखी बॅटरी. हौशी मंडळाच्या वर्गणींत हें बसत नाहीं. फ्लॉरिडा राज्यांत ह्यावर एक मधली वाट काढली आहे, ती आमच्या मतें विचार करण्याजोगी आहे. तेथें 'सारनेट' ह्या नांवाचें राज्यभर पसरलेलें हौशी रिपीटरांचें जाळें राज्याच्या वाहतूक खात्याच्या स्वतःच्या दळणवळण-मार्गांतील राखून ठेवलेल्या वाटेनें जोडलेलें आहे. सार्वजनिक इंटरनेटवर तें अवलंबून नाहीं. दोरी उसनीच, परंतु ज्याच्याकडून घेतली तो वादळांतही तिची काळजी वाहण्यास बांधलेला आहे, आणि मंडळीला आपली दोरी कोणाची आहे हें माहीत आहे. उसनवारींत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. उसनें आणून वडिलोपार्जित म्हणून दाखविण्यांत वाटतो.

आपल्या देशांत ह्या साऱ्या चर्चेस एक निराळीच अडचण आहे. येथें रेडिओ-परवान्याकडे पाहण्याची सरकारची दृष्टि जन्मतःच संशयी. १९३९ सालीं युद्ध पेटतांच ब्रिटिश सरकारनें हौशी परवाने रद्द केले व यंत्रें जप्त केलीं. १९४२ सालीं मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जो गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला, त्यानें तो संशय सरकारच्या दृष्टीनें खराही ठरविला. परकीय राज्य गेलें, १८८५ च्या तारायंत्र-कायद्याची जागा घेण्यासाठीं २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा झाला, तरी आमच्या कचेऱ्यांत हौशी माणसाला प्रथम संशयित आणि मग नागरिक मानण्याची रीत पुरती गेलेली नाहीं. वस्तुतः ज्याचें प्रत्येक बोलणें जगास उघडें, ज्यानें प्रत्येक संभाषणांत आपलें संकेतनाम सांगितलें पाहिजे, त्याच्यापासून भीति ती कसली? किल्लारीस १९९३ सालीं आणि भूजला २००१ सालीं ह्याच मंडळींनीं निरोप पोंचविले. २००४ च्या डिसेंबरांत अंदमानावर समुद्र चढून आला तेव्हां दिल्लीच्या भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरमध्येंच होत्या. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं त्याच यंत्रांवरून बेटांचा आणि मुख्य भूमीचा संबंध राखिला. तेथें रिपीटर नव्हता, जाळें नव्हतें, इंटरनेट तर नव्हतेंच. लघुलहरींचें एक यंत्र, एक तार आणि कामाची संवय असलेलीं माणसें, एवढ्यावर तें भागलें. ज्यांस आपल्या जाळ्याच्या विस्ताराचा फार अभिमान वाटतो त्यांनीं हें उदाहरण दृष्टीआड करूं नये.

आमच्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर निसर्गानें रिपीटरांसाठींच घडवावा तसा सह्याद्रि उभा आहे. महाबळेश्वरच्या पठाराच्या एका कडेवरून कृष्णेचें खोरें दिसतें आणि दुसऱ्या कडेखालीं सावित्रीचें. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण वाशिष्ठीच्या पुरांत बुडालें. त्याच दिवशीं महाडजवळच्या तळिये गांवावर डोंगर कोसळला. चिपळुणांत मोबाइल बंद पडले आणि घरोघरच्या माळ्यावर अडकलेल्या माणसांची खबर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांस तासन् तास कळेना. अशा रात्रीं उपयोगीं पडेल असें जें जाळें आपणांस हवें आहे तें सिडनीशीं जोडलेलें नसलें तरी चालेल. तें घाटावरच्या एका डोंगराशीं जोडलेलें असलें पाहिजे, आणि तेंही डोंगरानें डोंगराला पाहून.

म्हणून हौशी मंडळांस आमची एक सूचना आहे, आणि ती बिनखर्चाची आहे. अमेरिकेंत १९३३ पासून दरवर्षीं जून महिन्यांत 'फील्ड डे' नांवाचा एक दिवस पाळतात. त्या दिवशीं मंडळी घरची वीज सोडून माळरानावर जातात आणि बॅटरीवर व इंजिनावर यंत्रें चालवून दाखवितात. आपण त्याला एक पोटदिवस जोडावा. वर्षांतून एकदां, शक्य तर ऐन पावसाळ्यांत, पूर्वसूचना न देतां, आपल्या जाळ्याची इंटरनेटची वायर उपटावी, डोंगरावरची वीज बंद करावी, आणि चोवीस तास नुसतें ऐकावें. कोणाचा आवाज कोठवर पोंचला, कोणता डोंगर किती तासांनीं मुका झाला, ह्याची यादी करावी आणि ती मंडळाच्या दारावर लावावी. सरकारी जागा मागणाऱ्या अर्जाला दुसरा कोणता दाखला जोडण्याऐवजीं हीच यादी जोडावी. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्यानेंही विस्ताराचा रंगीत नकाशा बाजूला सारून हीच मागावी.

पहिल्या वर्षीं यादी बहुतेक कोरी निघेल. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. त्या कोऱ्या जागेंत कोणत्या शिखरावर पहिली बॅटरी न्यावयाची हें मात्र स्वच्छ लिहिलेलें असेल, आणि ती वाहून नेण्यास पाठीचा कणा ताठ असलेलीं दोनतीन तरुण मुलें प्रत्येक मंडळांत असतात. त्यांस वनखात्याच्या चौकीवर अडवून ठेवूं नये, एवढें पत्र तेवढें कलेक्टरानें आधीं द्यावें.